न वाजलेला मणका

कायरोप्रॅक्टिक ही मणक्याच्या सांध्यांना हाताने नेमका, झटपट झटका देऊन दुखणे हलके करण्याची पद्धत आहे. ती करणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडची पहिली भेट बहुधा निराशेत संपते, आणि या निराशेचे ठिकाण पाठ नसून कान असते. रुग्ण कंबर धरून येतो खरा, पण मनात एक आवाज ठरवून येतो. तो आवाज झाला नाही, तर कंबर मोकळी झाली तरी पैसे पाण्यात गेले असे त्याला वाटते. झाला, तर कंबर तशीच राहिली तरी तो चार लोकांना पत्ता देतो.

या भेटीच्या अभ्यासाला पनवेलजवळची रोडपाली सोयीची आहे. कळंबोली वसाहतीला लागून असलेल्या या गावाभोवती सिडकोचे सेक्टर उभे राहिले, आणि पाठदुखीला लागणारा कच्चा माल आपोआप जमत गेला. सायन-पनवेल महामार्ग, मुंब्र्याकडून येणारा रस्ता, तळोज्याची एमआयडीसी आणि कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार हे सगळे जवळपास आहे, आणि या सगळ्यांचे ट्रेलर एकमेकांना वाट देत असतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे ९४.५ किलोमीटर कळंबोलीपासून मोजले जातात. त्या ९४.५ किलोमीटरमध्ये पाठीला फारसे काही होत नाही. जे व्हायचे ते घरापासून कळंबोली सर्कलपर्यंत, रिक्षात तिसऱ्या सीटवर, पावसाळ्यात होऊन गेलेले असते.

लोखंड बाजारात सळ्या आणि पत्रे चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माथाडींच्या पाठी दुखतात, यात नवल नाही. नवल हे की कायरोप्रॅक्टरच्या बाकावर ते क्वचितच दिसतात. माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला, पण खाडा करून पाठ दाखवायला जाण्याची सवड कोणत्याही कायद्याने मिळत नाही. बाकावर दिसतो तो बेलापूर, वाशी किंवा त्याच्याही पुढे नोकरीला जाणारा, दिवसभर संगणकापुढे बसणारा माणूस. त्याने गेल्या वर्षभरात उचललेले सर्वांत जड ओझे म्हणजे गॅसचा सिलिंडर, १४.२ किलो गॅस आणि साधारण तेवढ्याच वजनाची टाकी. सिलिंडर उचलणाऱ्याला त्या वेळी कुणीतरी ‘अहो, वाका नीट’ असे सांगितलेले असते. हे वाक्य पुढे प्रत्येक जेवणाला ऐकू येते.

कंबर धरल्यावर पहिले निदान सोसायटीच्या वॉचमनकडून होते: ‘गॅप असेल.’ मणक्यात गॅप असणे हा आता मध्यमवर्गीय घरातला स्थावर मालमत्तेसारखा उल्लेखनीय भाग आहे. दोन माणसे जिन्यात भेटली तर एकाचा गॅप एल-फोर एल-फाइव्हमध्ये असतो आणि दुसऱ्याचा एल-फाइव्ह एस-वनमध्ये, आणि खालच्या मजल्याच्या गॅपवाल्याला थोडा अधिक मान मिळतो. तिसऱ्याची नस दबलेली असते. एमआरआयची भलीमोठी फिल्म कपाटावर पिशवीत घालून ठेवलेली असते आणि पाहुण्यांना ती खिडकीच्या उजेडात धरून दाखवतात. पाहुण्याला त्यातले काही कळत नाही, पण तो ‘हं’ म्हणतो. वास्तविक २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ मुळीच न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले, तेव्हा २० वर्षे वयाच्या लोकांत शेकडा ३० जणांच्या आणि ८० वर्षे वयाच्या लोकांत शेकडा ८४ जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे फिल्मवर काही दिसणे हे वयाचे लक्षण असू शकते, दुखण्याचे असेलच असे नाही. जिन्यातल्या मंडळींना हे सांगून मात्र पाहू नये. गॅप काढून घेतला तर बोलायला उरते काय?

कायरोप्रॅक्टरकडे जाण्याआधी घरगुती उपचारांची एक फेरी होते. बाम, गरम पाण्याची पिशवी, पाठीवरून फिरवलेले लाटणे, नातवंडांना पाठीवर चालायला लावणे हे सर्व होऊन जाते. त्यानंतर घरातली वडीलधारी मंडळी पायाळूचा विषय काढतात. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला तो पायाळू. त्याने उसण भरलेल्या कमरेला पाय लावला की उसण जाते, असा समज महाराष्ट्रात जुना आहे. पायाळूवर वीज पडते आणि त्याला जमिनीखालचे धन दिसते, असेही समज आहेत. त्यांच्या मानाने कमरेचे काम किरकोळ म्हणायचे.

या उपचारात कौशल्य झटक्याचे नसून नात्याचे असते. रुग्ण ओटीवर पालथा पडतो आणि पायाळू कमरेला पाय लावतो. पायाळू वयाने लहान असेल, तर पाय लावून झाल्यावर तो लगेच वाकून त्याच माणसाच्या पाया पडतो आणि हिशोब चुकता होतो. घरची सूनच पायाळू निघाली आणि कंबर सासऱ्यांची असली, तर मात्र प्रकरण नाजूक होते. सासरे म्हणतात, ‘राहू दे, आता बरं वाटतंय.’ सून म्हणते, ‘नाही बाबा, एकदा लावूनच घ्या.’ तिच्या आवाजातला उत्साह सगळ्यांच्या लक्षात येतो. या एका प्रसंगात उसण पाय लागण्याआधीच गेल्याची उदाहरणे आहेत.

पायाळू आता दुर्मीळ होत चालला आहे. पूर्ण दिवस भरलेल्या बाळंतपणात शेकडा तीन-चार बाळे खाली डोके करत नाहीत. अशा बाळांसाठी ठरवून केलेले सिझेरियन अधिक सुरक्षित असल्याचा एका आंतरराष्ट्रीय चाचणीचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर ही बाळे सहसा पोटावाटेच बाहेर काढली जाऊ लागली. पोटातून काढलेले, पण काढताना पाय आधी हाती लागलेले मूल पायाळू धरायचे की नाही, यावर आज्ज्यांमध्ये एकमत नाही. बहुतेक आज्ज्या धरत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की बाळाने स्वतः काही केले पाहिजे. तेव्हा कंबरदुखीच्या या शाखेत नवी भरती थांबली आहे आणि जागा कायरोप्रॅक्टरसाठी मोकळी झाली आहे.

कायरोप्रॅक्टिकचा जन्मही कानापासूनच झाला. डॅनियल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडाचा, पुढे अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी हात फिरवून चुंबकीय उपचार करणारा माणूस. त्याआधी त्याने शाळेत शिकवले होते आणि किराणा दुकानही चालवले होते. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याने इमारतीची साफसफाई करणाऱ्या हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या माणसाच्या पाठीतला एक वर आलेला मणका दाबून जागेवर बसवला, आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले, असा पामरचा दावा होता. ऐकण्याची नस कवटीच्या आतल्या आत कानापासून मेंदूकडे जाते, पाठीच्या वाटेला ती जातच नाही. परंतु पामरला वाट सापडली होती. बहुतेक सगळे रोग मणके सरकल्यामुळे होतात, असा सिद्धांत त्याने मांडला, १८९७ मध्ये शाळा काढली आणि १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगाची हवा खाल्ली.

पुढे धंदा खरा वाढवला तो त्याच्या मुलाने, बी. जे. पामरने. जाहिरातीवर त्याची अपार श्रद्धा होती. १९२२ मध्ये त्याने डॅव्हनपोर्टमध्ये चक्क रेडिओ केंद्र विकत घेतले. त्याच केंद्रात दहा वर्षांनी रोनाल्ड रेगन नावाचा तरुण निवेदक म्हणून लागला आणि पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. पाठीच्या शास्त्राने देशाला दिलेले हे योगदान ग्रंथांत पुरेसे नोंदवलेले नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर बहिष्कार घातला होता. १९८७ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. आज अमेरिकेत या विषयाची पदवी आणि राज्याचा परवाना दोन्ही लागतात.

भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांसाठी २००२ च्या कायद्याने परिषद आहे, त्यांना रीतसर पदवी लागते आणि नोंदणी क्रमांक विचारता येतो. कायरोप्रॅक्टरच्या पाटीखाली मात्र परदेशातून रीतसर शिकून आलेला माणूस असू शकतो, वरचा अभ्यासक्रम केलेला फिजिओथेरपिस्ट असू शकतो, आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतून प्रमाणपत्र घेऊन आलेलाही असू शकतो. तिघांच्या भिंतीवरच्या चौकटी सारख्याच सोनेरी असतात. रुग्ण त्या वाचत नाही. त्याने चाचणी आधीच मोबाइलवर घेतलेली असते.

मोबाइलवरच्या रीलमध्ये उपचार अर्ध्या मिनिटात होतो. माणूस आडवा, मानेला पट्टा, एक हिसका, आणि कॉलरला लावलेल्या माइकमधून बांबू फुटल्यासारखा कडाका. त्यानंतर रुग्ण रडतो किंवा हसतो आणि डॉक्टरांच्या पाया पडतो. बी. जे. पामरला हे पाहून समाधान वाटले असते. रोडपालीचा रुग्ण रात्री झोप येत नाही म्हणून अशी रील पाहत पडतो, आणि पडल्या पडल्या मोबाइल धरून मान अवघडते, तेव्हा कंबरेच्या जोडीला मानेचीही तक्रार तयार होते.

ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप, त्याचा हाडे जागेवर बसण्याशी संबंध नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांध्याची टोके एकदम दूर ओढली की आतला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. हा आवाज बुडबुडा फुटण्याचा, असे १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी मांडले. २०१५ मध्ये कॅनडात एमआरआय यंत्रात बोट ओढून पाहिले, तेव्हा तो पोकळी तयार होतानाचा असल्याचे दिसले. शास्त्रज्ञांचे यावर अजून पटलेले नाही. पण एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटे पुन्हा वाजत नाही, यावर सगळ्यांचे एकमत आहे. बोटे मोडल्याने संधिवात होतो, ही आईची धमकीही तपासली गेली आहे. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर या डॉक्टरने साठ वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्याची नाही, आणि दोन्ही हात सारखेच निघाले. त्याला २००९ साली विनोदी संशोधनाचे इग्नोबेल पारितोषिक मिळाले. आईचे तरीही म्हणणे बदललेले नाही.

प्रत्यक्ष भेट संध्याकाळी सातची असते आणि पावणेआठला सुरू होते. दवाखाना तळमजल्यावर, दोन गाळे जोडून केलेला. एका बाजूला मोबाइल दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला केकचे दुकान. दारात चपला काढायला सांगतात. वाकून सँडलचा पट्टा सोडणे हीच खरी तपासणी असते आणि तिच्यात रुग्ण नापास होतो. सोबत पत्नी आलेली असते, तिच्या हातात मोबाइल, कॅमेरा उघडून तयार. टेबलावर प्लॅस्टिकचा पाठकणा टांगलेला असतो. प्रत्येक येणारा त्याला हात लावून पाहतो, त्यामुळे त्याची खालची चकती झिजून पिवळी पडलेली आहे. रोडपालीत खात्रीने गॅप असलेला तो एकमेव मणका म्हणायला हरकत नाही.

मग चार पानी अर्ज. दुखणे शून्य ते दहाच्या पट्टीवर किती? हा प्रश्न मराठी माणसाला अवघड जातो. दहा म्हटले तर बढाई वाटते, चार म्हटले तर मग आलास कशाला असे होते. बहुतेक जण सात लिहितात. पत्नी खोडून आठ करते. स्वागतिका विचारते, ‘काका, बीपी-शुगर काही?’ चाळिशीच्या माणसाला काका ऐकून जी कळ येते, तिच्यासाठी पट्टीवर आकडा नाही.

डॉक्टर तरुण, शांत आणि हळू बोलणारे असतात, इथेच पहिली शंका येते. ते पाठीला हात लावण्याआधी वीस मिनिटे प्रश्न विचारतात: पायाला मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे ना, ताप, वजन उतरणे, रात्रीचे दुखणे. गुडघ्यावर रबरी हातोडी मारतात. पाय सरळ वर उचलून पाहतात. उभे करून पुढून, मागून आणि बाजूने फोटो काढतात आणि संगणकावर त्यावर लाल रेघा मारून दाखवतात. त्या रेघांनुसार माणूस पनवेलकडे झुकलेला असतो. शेवटी ते सांगतात की उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित आखूड आहे. असा थोडासा फरक कितीतरी लोकांच्या पायांत असतो आणि त्यांना मरेपर्यंत त्याचा पत्ता नसतो. या रुग्णाला आता पत्ता लागलेला असतो, आणि तो खोलीतून बाहेर पडताना खरोखर लंगडतो.

मुख्य प्रसंग त्यानंतरचा. रुग्ण पालथा पडतो, तोंड टेबलाच्या भोकात, दृष्टी खालच्या फरशीवर. पत्नी मोबाइल आडवा धरते. डॉक्टर पेनाएवढे, स्प्रिंग लावलेले एक उपकरण काढतात आणि कमरेजवळ टेकवतात. टिक. थोडे वर सरकवतात. टिक. आणखी एक टिक. ‘झालं, उठा सावकाश.’ भोकातून प्रश्न येतो, ‘आवाज?’ डॉक्टर म्हणतात, ‘आवाजाची गरज नसते.’ पत्नी व्हिडिओ पाहते; त्यात टिकटिकीपेक्षा केकच्या दुकानातल्या मिक्सरचा आवाज मोठा आलेला असतो. ‘आणि मान?’ रुग्ण शेवटचा प्रयत्न करतो. ‘मानेला आज काही करणार नाही.’

येथे डॉक्टरांची बाजू भक्कम आहे, हे तटस्थपणे नोंदवले पाहिजे. मानेला जोराचा पीळ दिल्यावर मणक्यातून मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या क्वचित घडतात, पण अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये त्यांना जागा नसते. दाढीनंतर न्हाव्याने मान डावी-उजवीकडे मोडून देण्याचा प्रकारही याच कारणाने टाळावा. कमरेच्या साध्या दुखण्यात हाताच्या झटक्याने थोडा फरक पडतो. चाचण्यांत तो व्यायाम आणि इतर रूढ उपचारांच्या बरोबरीचा आढळतो, फारसा वरचढ नाही. पायातली ताकद जाणे, जांघेचा भाग बधिर होणे किंवा लघवी-शौचाचा ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर कायरोप्रॅक्टर नाही, पायाळू नाही, सरळ रुग्णालय. इतक्या गोष्टी विचारून, मान न मोडता आणि हिंडते-फिरते राहा असे सांगून पाठवणारा डॉक्टर चांगला असण्याची शक्यता बरीच आहे. पण चांगला डॉक्टर पाहायला कुणी पैसे देत नाही. प्रयोग पाहायला देतात.

या सद्भावनेला ओहोटी लागते ती काउंटरवर. तिथे लॅमिनेट केलेले दरपत्रक असते: एक बैठक, सहा बैठका, बारा बैठका, आणि बारांवर एक मोफत. डॉक्टर आत असतात, दर बाहेर असतात, अशी मांडणी मुद्दामच असते. पहिल्या टिकटिकीनंतर बारा बैठकांची गरज कशी कळली, हे विचारायचे रुग्णाच्या मनात येते, पण मागे रांग असते, आणि खिशातला मोबाइल काढण्यासाठी वाकावे लागल्याने नेमकी त्या क्षणी कळ येते. सहांवर तोडगा निघतो. यूपीआयचा भोंगा रक्कम मोठ्याने जाहीर करतो. संध्याकाळभरात त्या दवाखान्यात झालेला सर्वांत स्पष्ट आवाज तो.

सोसायटीत परतल्यावर वॉचमन पहिला प्रश्न करतो, ‘वाजलं का?’ नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरतो. जिन्यात भेटलेला गृहस्थ कामोठ्याच्या एका जागेचे नाव सांगतो, तिथे म्हणे दारातच आवाज ऐकू येतो. रात्री रुग्ण पलंगाखालचा चार्जर काढायला उकिडवा बसतो आणि त्याचे दोन्ही गुडघे खणखणीत वाजतात. ते रेकॉर्ड करायला कुणी नसते.

यानंतरचा भाग सर्वांत कमी लिहिला गेला आहे, कारण तो कंटाळवाणा आहे. साधी कंबर बहुधा काही आठवड्यांत बरीच सुधारते, उपचार कोणताही असो. तोवर जो शेवटी भेटला त्याच्या नावावर गुण जमा होतो. दुखणे कमी झाले तेव्हा रुग्ण कुठल्या दारात होता एवढाच प्रश्न असतो. त्यामुळे लाटणे, जे सर्वांत आधी वापरले गेले, त्याला कधीच यश मिळत नाही. रोडपालीतल्या कायरोप्रॅक्टरलाही ते सहसा मिळत नाही, कारण त्याच्याकडे लोक पहिल्या आठवड्यात जातात आणि दुसऱ्या आठवड्यात नाराज होऊन सोडतात. यश बहुधा गावी सुटीला गेल्यावर तिथल्या एखाद्या तेलाला मिळते.

सहांपैकी उरलेल्या बैठकांचे पैसे परत मिळत नाहीत. तसे पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेले असते. मात्र त्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावे करता येतात का, असे फोन करून विचारले तर स्वागतिका हो म्हणते. मग त्या संध्याकाळी जेवताना पाठ न दुखणाऱ्या नातेवाइकांची एकेक करून चौकशी होते. मेव्हणा कळवतो की तसे काही नाही, पण फुकट असेल तर येऊन जाईन. सासऱ्यांना विचारण्यात येते. ते ताबडतोब म्हणतात, ‘मला अगदी बरं आहे.’